खुंटाला हळदकुंकू

६ सप्टें., सोम.

आज प्रॅक्टिसला पाचजणी. खो-खोला नऊ लागतात. चौघींना बसवलं, बाकीच्या जागांवर चपला ठेवल्या आणि चपलांना खो देत धावले. बाकावर पेपर वाचत बसलेले खेळाचे सर मान वर न करता म्हणाले, "चपला बऱ्या. सुट्टी तरी मागत नाहीत."

मी कॅप्टन. कॅप्टन म्हणजे दुपारभर फोन करून पोरींना मैदानावर या म्हणून विनवणारी बाई. कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं वर्ष, डोक्यावर कॅम्पस इंटरव्ह्यू, आणि माझं सगळं लक्ष कोण येणार नि कोण नाही यात.

मैदान निम्मंच उरलंय. बाकीच्या निम्म्यात टू-व्हीलर. आमचा कोर्स सुरू झाल्यापासून मुलं वाढली, गाड्या वाढल्या, आणि प्राचार्यांना आता उरलेलं निम्मंही पार्किंगला हवंय. सर म्हणतात, यंदा इंटरकॉलेजची ढाल आणलीत तर मला त्यांच्यापुढे बोलायला तोंड राहील. गेल्या वर्षी टीमच भरली नव्हती. यंदाही नाही भरली तर पुढच्या वर्षी इथे पांढरे पट्टे मारलेले दिसतील, आणि ते खो-खोचे नसतील.

९ सप्टें., गुरु.

मृण्मयी आठवडाभर गायब. टीममधली सगळ्यात वेगवान तीच. शेवटी घरी फोन केला. आईने उचलला.

"अहो, आमच्याकडे मुली संध्याकाळी उशिरापर्यंत बाहेर नसतात."

"काकू, ती ढोल पथकात जाते ना? ते आठला सुटतं."

"ते गणपतीचं आहे."

"आमचं साडेपाचला सुटतं."

"ते खेळाचं आहे." फोन ठेवला.

कमरेला तो अवजड ढोल बांधायचा, नदीकाठी दोन-दोन तास बडवायचा, खांदे सोलून घ्यायचे, त्यात कुणाला मुलीची तब्येत आठवत नाही. अर्धा तास पळायचं म्हटलं की तब्येत, अभ्यास, दिवस किती वाईट आलेत, सगळं एकदम बाहेर येतं. मृ.ला एसएमएस केला, ढोल ठेव नि पळायला ये. उत्तर: विसर्जनानंतर नक्की, देवाशपथ. मला शपथ नकोय. मला सोमवार हवाय.

१३ सप्टें., सोम.

वैशाली आली. धायरीहून, दोन बस बदलून. धावता धावता मैदानाच्या टोकाच्या खुंटाला हात लावून ती अशी काही वळते की मागची पोरगी सरळ पुढे निघून जाते. सर म्हणतात, हे शिकवून येत नाही. आली आणि अर्ध्या तासात बॅग उचलली. शनिवारी तिला बघायला पाहुणे येणार.

"आई म्हनती, चार दिस उन्हात जाऊ नको. आयटीतला मुलगा हाय."

आयटीतल्या मुलाला गोरीच लागते हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे कोण जाणे, मी तीन वर्षं तेच शिकतेय. वै. हसली. म्हणाली, "तुझं बरं हाय अर्चे. तुला कोन आडवत न्हाय." खरंय. माझे आईबाप हिंगणघाटला, मी इथे.

१६ सप्टें., गुरु.

सकाळी बिबवेवाडीचा चढ दोनदा. परत आले तर घरमालकीण काकू दारात दूध घेत उभ्या.

"रोज कशासाठी गं पळतेस? अंगावर मास तर नाही तुझ्या."

"आवडतं, काकू."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही."

"लग्न ठरलंय?"

"नाही."

"मग?"

व्यायामाला कारण लागतं. रक्तात साखर निघावी लागते, नाहीतर तारीख ठरावी लागते. मुलांना गॅदरिंग जवळ यावं लागतं, मग महिनाभर सगळे दंड फुगवत हिंडतात. कॉलेजात नवीन जिम झालीय, पळायचा पट्टा आहे, आरसे आहेत. मुलींची वेळ अकरा ते बारा, म्हणजे बरोब्बर लेक्चरच्या वेळी. आणि काकू स्वतः साखर निघाल्यापासून देवळाला रोज प्रदक्षिणा घालतात, झपाझप, घाम येईपर्यंत. त्याला त्या व्यायाम म्हणत नाहीत. त्यांना कुणी विचारत नाही, मग?

२९ सप्टें., बुध.

गणपती गेले. मृ. परत आली. तळव्यांना फोड, खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ, आवाज बसलेला. आणि आल्या आल्या सगळ्यांच्या पुढे पळाली. खूप सुनावायचं ठरवून आले होते, थोडंच सुनावलं. ती म्हणाली, "पथकात दम वाढतो गं. तू येऊन बघ एकदा." नको. मला दम आहे, टीम नाहीये.

वै.च्या पाहुण्यांचा निरोप नाही. ती मात्र आज पूर्ण वेळ होती. उन्हाने रंग काही उतरलेला दिसत नाही.

५ ऑक्टो., मंगळ.

नऊच्या नऊ. सलग तिसरा दिवस.

सरांना म्हटलं, हे काय झालं अचानक? सर म्हणाले, पितृपक्ष. या पंधरवड्यात कुणी बघायला येत नाही, कुणाकडे साखरपुडा नाही, कपडेखरेदी नाही, उद्घाटनं नाहीत. पोरींना घरी काही कामच नाही. "मला विचारशील तर सबंध सीझन पितृपक्षात घ्यावा," म्हणाले.

फार छान खेळलो. मृ. सूर मारून पडली, ढोपर फुटलं, उठून पुन्हा पळाली. वै.ने मला तीनदा चकवलं. घरी येताना बसमध्ये उभी होते तरी बसल्यासारखं वाटत होतं. मैदानावर मला फार बरं वाटतं. तिथे कुणी गाव विचारत नाही, आडनाव विचारून पुढे दोन सेकंद थांबत नाही. खोली शोधताना किती घरांनी ते दोन सेकंद घेतले. काकूंनी घेतले नाहीत, म्हणून इथे राहते.

१४ ऑक्टो., गुरु.

घट बसले आणि माझं नशीबही.

नऊपैकी सहाजणींचे नऊ दिवसांचे उपास. वै.चा शिवाय अनवाणी राहायचा नेम, बसस्टॉपपासून डांबरावरून चालत येते. खो-खो अनवाणीच खेळतो, त्याचं काही नाही, पण मैदानावर येईपर्यंतच तळवे भाजलेले. नवीन एक फॅड पेपरातून आलंय, रोजचा एक रंग. आज सगळ्या पिवळ्या. मृ. विचारते, मॅचला जर्सीवर त्या त्या दिवसाच्या रंगाची रिबन लावली तर चालेल का? मी म्हटलं, जर्सीच्या आत माणूस असला तर रिबन चालेल.

परवा पहिली मॅच. हे सगळं मला आत्ताच सहन करायचंय. आणि तोंड उघडायची चोरी. सर बोलले तर विनोद होतो, मृ. बोलली तर घरातलं भांडण होतं. उपासावर मी बोलले तर त्याचा भलताच अर्थ निघायचा. म्हणजे निघेलच असं नाही. पण निघाला तर काय, हे माझं मलाच बघावं लागेल. म्हणून रिबनीवर बोलले.

१६ ऑक्टो., शनि.

जिंकलो, कसेबसे. मॅचच्या आधी सहाही जणींनी साबुदाण्याची खिचडी दाबून खाल्ली. दाण्याचा कूट, तूप, बटाटा. उपास म्हणे. पहिल्या डावात मृ. अशी पळत होती की वाटावं, कमरेला अजून ढोलच आहे. मध्यंतरात मी धावत जाऊन कोपऱ्यावरून केळी आणली. दुसऱ्या डावात जरा हलल्या.

नंतर मृ. केळं सोलत म्हणाली, "तू एकही उपास करत नाहीस?"

"नाही."

"एकादशीचा पण?"

"नाही."

"बरंय बाई तुझं." आणि साल कुठे टाकू म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. तेवढंच.

१८ ऑक्टो., सोम.

बाबांचा फोन. डेपोतून, पाठीमागे एसटीचं इंजिन घरघरतंय.

"का करून राहिली? जेवली का?"

"जेवले. तिकीट झालंय बाबा. गुरुवारी संध्याकाळची गाडी. फायनल सकाळी आहे."

"मंग बरं झालं. आम्ही तं पहाटेच निघतो. नेहमीच्या जागी भेटू. गाडीत बसाच्या आधी मिस्ड कॉल देजो."

नेहमीचं आहे. बाबा मिस्ड कॉल देतात, म्हणजे निघालीस का? मी उलट एक दिला की हो. बोलायला कशाला पैसे घालवायचे.

दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर. मला आठवतंय तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही. दहावीला ताप होता तरी बाबांनी डोक्यावर टॉवेल धरून त्याच्या सावलीत चालवत नेलं होतं. पुण्यात आल्यावर दरवर्षी गाडीत दाराशी उभी राहून गेले. इथे कुणाला सांगितलं नाही. दसऱ्याला घरी जाते म्हणते. ते खोटं नाही.

सकाळी फायनल, संध्याकाळी गाडी. अजून उद्या-परवा जिंकायचंय आणि मी फायनलचं धरूनच चाललेय.

२० ऑक्टो., बुध. अष्टमी.

सेमी जिंकलो. निर्विवाद. वै.ने सबंध डाव एकटीने काढला, बादच झाली नाही. आता समोर यजमान कॉलेज, त्यांच्याच मैदानावर.

आणि मग त्यांचे सर माईकवर: उद्या खंडेनवमी. आपल्या परंपरेप्रमाणे सकाळी खुंटांची पूजा होईल. पूजा झालेल्या खुंटांना दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे अंतिम सामना दसऱ्याच्या सकाळी, प्रमुख पाहुण्यांच्या उपस्थितीत. टाळ्या.

पोरी खूश. एक दिवस विश्रांती मिळाली. मी म्हटलं, मला शुक्रवारी जमणार नाही.

मृ. म्हणाली, "म्हणजे? दसरा आमच्याकडेही आहे. आम्ही येतोच आहोत ना?"

"माझा दसरा तो नाही."

सुरुवात केलीच होती, म्हणून सगळं बोलले. आम्ही बौद्ध आहोत, त्या दिवशी दीक्षाभूमीवर जातो, आजोबांपासून जातो, बाबा तिथे वाट बघणार. एका दमात. आवाज चढला होता बहुतेक, कारण आमचे सर उठून जरा लांब जाऊन उभे राहिले.

वै.च आधी बोलली. "मग आधी का न्हाय सांगितलंस? मी तुला पाहुन्यांचं सांगितलं, पायाचं सांगितलं. पाळी आली तरी तुलाच सांगती."

मृ. म्हणाली, "पंधरा दिवस ढोलावरून बोलणी खाल्लीत मी तुझी. उपासावरून तू तोंड वाकडं करतेस तेही दिसत होतं. आणि तुझंही होतंच की काहीतरी."

होतं. पण सोपं आहे यांना. उपास आहे हे सांगायला काय लागतं? त्यांना समोरच्याचा चेहरा वाचावा लागत नाही. हे मात्र मी बोलले नाही. आत्ता लिहितेय आणि अजून राग येतोय, त्यांचा, त्या खुंटांचा आणि माझाही. सहा सप्टेंबरपासून मी सगळ्यांच्या घरच्यांना शिव्या देतेय, आणि शेवटी टीम माझ्यापाशी येऊन अडली.

संध्याकाळी बाबांना खरा फोन लावला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तुले काय वाटते ते कर. तू मोठी झाली आता."

ये म्हणाले असते तर गेले असते. खेळ म्हणाले असते तर खेळले असते. मृ.ची आई फोन आपटते, वै.ची आई उन्हात जाऊ देत नाही, आणि माझे बाबा म्हणतात तुले काय वाटते. मला काय वाटते ते मला कळत असतं तर फोन केला असता का? ठेवल्यावर रडले. काकूंनी विचारलं, हरलात का गं?

२१ ऑक्टो., गुरु. सकाळ

काकूंनी मुलाच्या कॉम्प्युटरला फुलं वाहिली, मॉनिटरला हळदकुंकू. आज तो बंद. मुलाचं ऑफिसचं काम अडलंय, तो येरझारा घालतोय. खाली गल्लीत स्कूटर धुतल्या जातायत, झेंडूच्या माळा. सगळं जग आज आपापली हत्यारं पुसून ठेवून बसलंय.

बॅग भरली. जर्सीही घातली तिच्यात. मग काढली. मग पुन्हा घातली.

दहाला वै.चा फोन. कुणाचा तरी मोबाईल घेऊन.

"अर्चे, त्यांच्या खुंटांची पूजा झाली. आपल्या खुंटांची कुनी केलीय?"

"आपल्या?"

"आपल्या कॉलेजच्या. कोन इचारतंय त्यांना. गाड्या टेकवत्यात लोक. पूजा न्हाय तर हात लावाय काय हरकत हाय? तेच तिकडं नेऊन रोवू, फायनल आजच खेळू. मी भावाचा टेम्पो घेऊन येती. टेम्पोची पूजा झालीय, पन भाऊ म्हनला, चालवायला काय होत न्हाय."

मी म्हटलं, वै., हे कोण ऐकणार आहे? ती म्हणाली, "मृण्मयी त्यांच्या सरांच्या घरी जाऊन बसलीय. तिच्या आईला घेऊन."

मृ.च्या आईला. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नाही. मृ.च्या आई स्वतः गेल्यात, माझा दसरा चुकायला नको म्हणून. त्यांच्यापुढे त्या सरांचं काय होणार ते मला दिसत होतं.

तीच तारीख, दुपार

यजमान कॉलेजच्या मैदानावर, गुलमोहराखाली. सॅक मांडीवर, वही त्यावर. गाडी संध्याकाळी सहाला.

पलीकडे त्यांचे दोन खुंट झेंडूची माळ घालून उभे. अलीकडे आमचे पोरी रोवतायत. खणायला टेम्पोतली पहार आहे. तिलाही सकाळी कुंकू लागलं होतं, ते वै.ने ओढणीने पुसलं आणि आधी तिच्या पाया पडली.

त्यांचे सर खुर्ची टाकून बसलेत. चेहरा पडलेला. म्हणाले, "आमच्या खुंटांना हात लावायचा नाही. दोन्हीकडे नऊ-नऊ झाल्या आणि पंच आले तर खेळा. ढाल मात्र उद्याच मिळेल." मृ.ची आई शेजारच्या खुर्चीत, पदर खोचून. मला बघून म्हणाल्या, "अहो कॅप्टन, गाडी कितीची?" सांगितली. "मग वहीत काय लिहीत बसलात?"

आमच्या सरांनी पंचांना फोन लावला. पंच म्हणाले, येतो, पण शिट्टी देवघरात आहे, पूजा झालीय. मृ.ने सॅकमधून पथकातली शिट्टी काढून दाखवली.

आता अडलंय ते त्यांच्या टीमवर. त्यांना उद्या सांगितलं होतं. कॅप्टन सकाळपासून फोन करतेय. एकीची आई म्हणते आज नवमी, घरी कुमारिका जेवायला. एक मामाकडे गेलीय. एकजण निघालीय म्हणे, पण कुठून ते सांगत नाही. कॅप्टन माझ्याशेजारी येऊन बसली, घामाघूम. "माफ कर हं. दरवेळी हेच असतं आमचं," म्हणाली. मी म्हटलं, माहितीय. खरंच माहितीय.

आत्ता त्यांच्या पाचजणी. वै. लांबून ओरडली, "चार चपला ठिवू काय?" त्यांच्यातली एक हसली.

पावणेतीन. नऊ झाल्या आणि साडेतीनला सुरू झाली तर स्टेशन गाठता येईल. नाही झाल्या तर एकतर मी उद्या इथे असेन, नाहीतर या आठजणी माझ्याशिवाय असतील. मला विचारलं कुणीच नाही, तू काय ठरवलंस. सकाळपासून एकीनेही नाही. पहिला खुंट उभा राहिला, जरा कललाय. दुसऱ्याचा खड्डा चाललाय.

बाबांचा मिस्ड कॉल. निघालीस का?

फाटकातून रिक्षा आत आली. त्यांची कॅप्टन उठून उभी राहिली, किती उतरतायत ते बघतेय. इथून नीट दिसत नाही, दोन असाव्यात. एक साडीत आहे, ती आई असेल.

फोन अजून हातात आहे, उलट मिस्ड कॉल दिलेला नाही. वै. हाक मारतेय, खड्डा झाला, ये, खुंट धर, सरळ उभा करायचाय. त्याला दोन्ही हात लागतात.